लॅमिंग्टन रोडवरची ओरिजिनल विंडोज

दिवाळी अंकाचं काम ऐन भरात होतं. सप्टेंबरचा तिसरा आठवडा, एक कथा अजून लेखकाच्या डोक्यातच, मुखपृष्ठ बदलायचं की नाही यावर संपादकांचे दिवसाला तीन फोन. अशात एका सकाळी माझ्या स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, बरोबर पान क्रमांकाच्या डोक्यावर, करड्या रंगाची अक्षरं उमटली: ‘ॲक्टिव्हेट विंडोज’, म्हणजे तुमच्या विंडोजचा परवाना दिसत नाही, तो रीतसर भरा. ती छापली जात नाहीत हे मला ठाऊक होतं. तरी दिवसभर प्रत्येक पानाला मान वाकडी करून बघत होते, हा ४१ आहे की ४७?

राग यायचं खरं कारण वेगळं होतं. ही विंडोज मी तीनच महिन्यांपूर्वी विकत घेतली होती. चक्क पैसे मोजून, ४४९ रुपये.

आधी थोडी मागची गोष्ट. डोंबिवलीत आमचं डीटीपीचं काम १९९८ पासून चालू आहे. एवढ्या वर्षांत विंडोज विकत घ्यायची असते हे आमच्या गावीही नव्हतं. कंप्युटर असेंबल करून देणारा माणूस सीडी घेऊन यायचा, ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणायचा आणि तीनशे रुपयांत विंडोज, ऑफिस, पेजमेकर, कोरल, वर दोन गेम असं सगळं ताट वाढून जायचा. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर श्रीलिपी मात्र आम्ही पहिल्यापासून पैसे देऊन घेतलेली, कारण तिला मागे लावायचं हार्डवेअर लॉक असतं आणि ते नसलं तर अक्षर उमटत नाही. थोडक्यात, जिथे कुलूप होतं तिथे आम्ही प्रामाणिक होतो.

एकच अपवाद. विंडोज ८ आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने तिच्या ‘प्रो’ या वरच्या आवृत्तीचं अपग्रेड भारतात १,९९९ रुपयांना काढलं होतं, ३१ जानेवारी २०१३ पर्यंत. शेवटच्या आठवड्यात मी ते कार्डाने घेतलं आणि महिनाभर ज्याला-त्याला सांगत सुटले. पुढे तीच फुकटात विंडोज १० झाली. माझ्या भाच्याने यावर्षी त्यातली मेख दाखवली. अपग्रेड म्हणजे खाली आधीची विंडोज ओरिजिनल हवी, आणि आमच्या त्या मशीनवर खाली होती सीडीवाल्याची जुनी विंडोज एक्सपी. म्हणजे वरचा मजला रीतसर परवानगीचा, पाया अनधिकृत. डोंबिवलीकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तर जूनमध्ये एका शैक्षणिक प्रकाशन कंपनीचं काम येऊ घातलं. दरमहा ठरावीक पानं, तीस दिवसांत पैसे. आमच्या धंद्यात असं गिऱ्हाईक म्हणजे लग्नाळू मुलीला चालून आलेलं स्थळ. त्यांचा अकरा पानी फॉर्म होता. पॅन, जीएसटी, रद्द केलेला चेक, सगळं दिलं. नवव्या पानावर लिहिलं होतं: वापरात असलेल्या प्रत्येक संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम परवानाधारक असल्याचं जाहीर करावं आणि खरेदीची बिलं जोडावीत.

पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याला फोन लावला. म्हटलं, सगळेच ‘हो’ लिहितात ना? तो म्हणाला, ‘‘मावशी, लिहितात. पण तू सहीनिशी खोटं लिहिणार, आणि त्यावर धंदा करणार. कॉपीराइट कायद्यात ६३ब नावाचं कलम आहे, ते वाच.’’ वाचलं. नक्कल आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर कमीत कमी ७ दिवस, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापरत नसाल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. आम्ही तर धंदाच करत होतो.

चार मशीनं. माझं दोन वर्षांपूर्वी असेंबल केलेलं, बाराव्या पिढीच्या प्रोसेसरचं. दोन मुली टायपिंग करतात ती जुनी, चौथ्या पिढीची. आणि कोपऱ्यातलं ते १,९९९वालं. स्टेशनजवळच्या डीलरने विंडोज ११ प्रोचा भाव सांगितला एका मशीनला साडेवीस हजार. चारांचे ८२ हजार. टायपिंगच्या मुलींची मशीनं विकायला काढली तर दोघांचे मिळून दोन हजारही आले नसते, आणि त्यांच्यात टाकायची विंडोज एक्केचाळीस हजारांची. घोड्यापेक्षा खोगीर महाग.

मग सगळे करतात तेच मी केलं. रात्री फोनवर ‘विंडोज प्रो ओरिजिनल स्वस्त’ असं शोधलं. ३९९, ४४९, ५९९. लाइफटाइम, जेन्युइन, पाच मिनिटांत मेलवर. एकाने तर खाली लिहिलं होतं की युरोपियन कोर्टाने वापरलेले परवाने पुन्हा विकायला मुभा दिली आहे. तो निकाल खरा आहे. २०१२ च्या जुलैमध्ये ओरॅकलविरुद्ध यूज्डसॉफ्ट या खटल्यात लागला, आणि तिकडे जुन्या परवान्यांची दुकानं उघड चालतात. पण तो तिथला कायदा, तिथल्या मालाला. मला तेव्हा एवढंच दिसलं की कोर्टाचं नाव आहे म्हणजे माल चांगला असणार.

पाच मिनिटांत ‘की’, म्हणजे विंडोज चालू करायचा २५ अक्षरांचा परवाना-क्रमांक, आली. टाकली, चालली नाही. विक्रेत्याचा व्हॉट्सॲप मेसेज आला: फोन ॲक्टिव्हेशन करा, स्क्रीनवर आकडे येतील त्यांचा फोटो पाठवा. सात-सात आकड्यांचे नऊ गट, त्रेसष्ट आकडे. फोटो पाठवला. दहा मिनिटांनी त्याच्याकडून सहा-सहा आकड्यांचे आठ गट आले, ते मी चष्मा पुसून पुसून एकेक करून भरले. झाली ॲक्टिव्हेट. बँकेचा ओटीपी अनोळखी माणसाला देऊ नये हे मी स्वतः ज्येष्ठ नागरिक संघात सांगून आले आहे, आणि इथे फोटो काढून पाठवत होते. बिल मागितलं तर साध्या कागदावर ‘सॉफ्टवेअर सर्व्हिस’ असं लिहिलेलं पीडीएफ आलं, त्यावर ना जीएसटी नंबर ना पत्ता. फॉर्मला जोडायच्या लायकीचं ते नव्हतंच, तरी मी मनाला समजावलं की निदान आपण पैसे तर दिले.

सप्टेंबरात ती की बाद झाली. विक्रेत्याने एकदा दुसरी की दिली, ती चार दिवस चालली. नंतर त्याच्या फोटोच्या जागी करडं वर्तुळ आलं.

भाच्याने फोनवर एक छोटी कमांड सांगितली: काळ्या खिडकीत एसएलएमजीआर, मग जागा सोडून स्लॅश, डीएलआय. एक चौकोन उघडतो आणि त्यात आपली विंडोज कुठल्या घराण्याची आहे ते लिहिलेलं असतं. माझ्या स्क्रीनवर ‘व्हॉल्यूम मॅक’ (एमएके) आलं. तो म्हणाला, ‘‘झालं. ही कुठल्यातरी मोठ्या संस्थेची की आहे. एका कीवर शेकडो मशीनं चालवायची मुभा असते, पण त्या संस्थेच्याच. कुणीतरी बाहेर आणली आणि सुटी विकली.’’

हे घराण्याचं प्रकरण मी माझ्या पद्धतीने लक्षात ठेवलं. व्हॉल्यूम म्हणजे कारखान्याच्या कँटीनची कुपनं. पुस्तकच्या पुस्तक कंपनीच्या नावावर, गेटाबाहेर फाडून विकायची नाहीत. रिटेल म्हणजे कपाट. आपलं आहे, घर बदललं तर सोबत नेता येतं, म्हणून महाग. आणि ओईएम, म्हणजे मशीनबरोबरच आलेली, हा घरातला कडाप्प्याचा ओटा. घराबरोबर आला, घराबरोबरच जाणार. तो उपटून दुसऱ्या घरी बसवता येत नाही, पण घर विकलं की नव्या मालकाला ओट्याचे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत.

हे शेवटचं वाक्य मी बोलता बोलता बोलून गेले, आणि भाचा थांबला. ‘‘मावशी, मग तू घरच का नाही घेत?’’

त्याचं म्हणणं असं. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी डेस्कटॉप बदलतात. ती मशीनं लॉटने बाजारात येतात. डेल, एचपी, लेनोव्होची ऑफिससाठीची मशीनं बहुधा विंडोज प्रोसकट घेतलेली असतात, आणि विंडोज ८ पासून ओईएम की स्टिकरवर न छापता मदरबोर्डच्या बायॉसमध्येच, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या चिपमध्येच, कोरलेली असते. मशीनबरोबर ती दुसऱ्याला देता येते, परवान्याच्या अटीतच तसं आहे. प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा बघायचा, कारण विंडोज ११ इंटेलमध्ये तिथून पुढेच रीतसर चालते, आणि विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार होते. मुलींची चौथ्या पिढीची मशीनं तशीही बदलायची वेळ आलीच होती. मी त्याला विचारलं, हे जूनमध्ये का नाही सांगितलंस? म्हणाला, तू विंडोज कुठे मिळते ते विचारलं होतंस, कंप्युटर कुठे मिळतो ते नाही.

दसरा झाल्यावर, अंक छापायला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईतला कंप्युटरचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठला. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि पूर्वेला चालायचं. रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते सांगून टॅक्सीवाल्याला काही कळत नाही. पहिल्या मजल्यावरचं दुकान, जिन्यात मॉनिटरांचे खोके, आत भिंतीला टेकून काळ्या छोट्या कॅबिनेटची चळत. दुकानदार मराठी चांगलं बोलत होता.

‘‘आठवी जनरेशन, आय-फाइव्ह, आठ जीबी, २५६ची एसएसडी. साडेतेरा. सगळी सेम आहेत ताई, कुठलंही उचला.’’

‘‘विंडोज?’’

‘‘टाकूनच देतो ना. टेन्शन घेऊ नका.’’

मी म्हटलं, मला चालू करून बघायची आहेत. पर्समध्ये एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर भाच्याने सांगितलेली दुसरी, लांबलचक कमांड लिहून नेली होती, बायॉसमधली की दाखवणारी. त्याने पहिलं मशीन जोडलं. मी उभ्या उभ्या टाइप केलं, एक अक्षर चुकलं, पुन्हा केलं. वरच्या ओळीत मथळा आला आणि खाली रिकामी ओळ. की नाही. बहुधा कंपनीने विंडोजशिवायच घेतलेलं. पहिली छोटी कमांड मारली तर ‘केएमएस क्लायंट’, म्हणजे दुकानात कुणीतरी क्रॅक मारलेला. केएमएस ही व्हॉल्यूमचीच दुसरी तऱ्हा, तिला दर १८० दिवसांत कंपनीच्या सर्व्हरची हजेरी लागते, आणि क्रॅक तो सर्व्हर असल्याचं सोंग घेतो, हे मला आता पाठ झालं होतं.

दुसरं मशीन. मथळा, आणि खाली पाच-पाच अक्षरांचे पाच गट. माझ्या छातीत धडधडलं, पण चेहरा मी भाजी घेतानाचा ठेवला. तिसरं रिकामं. चौथ्यात पुन्हा की. दुकानदार मागे उभा राहून बघत होता.

‘‘ताई, नेमकं काय बघताय?’’

‘‘भाच्याने सांगितलंय बघायला. मला काय कळतंय त्यातलं.’’

दुसरं आणि चौथं घेतलं. घासाघीस करून प्रत्येकी १२,८००. चारही मशीनांचा भाव त्याने एकच सांगितला होता, हे मला गाडीत बसल्यावर नीट उमगलं. तो सगळ्यांवर क्रॅकच मारून देणार होता, त्यामुळे आत ओरिजिनल आहे की नाही याला त्याच्या लेखी किंमतच नव्हती. डीलर ज्याला साडेवीस हजार मागत होता ती वस्तू मी शून्य रुपयांना उचलून आणली होती. बिलावर मात्र हट्टाने प्रत्येक मशीनचा सीरियल नंबर आणि ‘विंडोज प्रो ओईएमसह’ असं लिहून घेतलं. कॅबिनेटवरचा नंबर आणि बायॉसमधला नंबर जुळतो का तेही बघितलं, कारण मदरबोर्ड बदललेला असेल तर सगळंच मुसळ केरात.

घरी येऊन दुकानदाराने मारलेलं सगळं पुसलं आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर घेतलेली विंडोज ११ स्वच्छ टाकली. पहिल्या मशीनने की विचारलीच नाही. नेट जोडलं, आणि सेटिंगमध्ये ओळ आली की विंडोज डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेट झाली आहे. माझ्या टायपिंगच्या मुलीने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्याने नेट जोडताच स्क्रीनवर एका कंपनीचा लोगो दाखवला. आमच्यात स्वागत आहे, आपला ऑफिसचा ईमेल टाका. मी दोन वेळा बंद करून चालू केलं. पुन्हा पुसलं, पुन्हा टाकलं. पुन्हा तोच लोगो, तेच हसतमुख स्वागत. भाच्याला फोटो पाठवला. ‘‘मावशी, हे मशीन अजून त्या कंपनीच्या हजेरीपटावर आहे. विकताना नाव कमी करायला विसरले. याला ऑटोपायलट म्हणतात, फॉरमॅट मारून जात नाही. त्यांनीच काढायला हवं.’’

दुकानदाराला फोन केला. ‘‘नेट न जोडता टाका ना ताई, येणारच नाही ते. सगळे तसंच करतात.’’ हे ‘सगळे तसंच करतात’ मी गेल्या चार महिन्यांत इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्याची ॲलर्जी झाली होती. कॅबिनेट तांदळाच्या रिकाम्या गोणीत घातलं आणि पुन्हा दादर, पुन्हा ग्रँट रोड. मशीन लहान दिसतं, पण जिना चढताना पाच-सहा किलो काय असतात ते कळतं. त्याने कुरकुर न करता बदलून दिलं, एवढं मात्र म्हणायला हवं. यावेळी तिथेच माझ्या मोबाइलचं नेट देऊन पहिल्यापासून विंडोज टाकायला लावली आणि लोगो येत नाही ना ते बघून मगच उठले. दीड तास गेला, दोन कटिंग चहा झाले.

राहिलं माझं मशीन. ते असेंबल केलेलं, त्यात कोरलेलं काही नाही. दुकानदार म्हणाला, ओईएमचं पाकीट स्वस्तात देतो. पण ते पाकीट नवीन मशीन बांधून विकणाऱ्यासाठी असतं, दोन वर्षं वापरलेल्यात घालायला नाही. इथे मी मुकाट्याने रिटेल घेतली. फक्त प्रोऐवजी होम. ‘होम’ म्हणजे ऑफिसात चालत नाही असं मला वाटत होतं. भाचा म्हणाला, नावावर जाऊ नकोस, अटीत तसं काही नाही. प्रोमध्ये दुरून मशीन चालवायची सोय, मोठ्या नेटवर्कला जोडणी, डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर असलं जास्तीचं मिळतं. आपल्याला प्रिंटर आणि एक सामायिक फोल्डर हवा, तो होममध्येही होतो. दिवाळीच्या सेलमध्ये ९,७०० ला मिळाली, जीएसटी नंबर घातलेल्या पक्क्या बिलासकट. पुढे मदरबोर्ड गेला तरी नव्यावर नेता येईल. कपाट आहे ते.

कोपऱ्यातल्या १,९९९वाल्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. बिलं, मेल, स्कॅनिंग आणि युनिकोड मराठीचं टायपिंग तिथे झकास चालतं. जुन्या फॉन्टमधल्या फाइली तिथे उघडत नाहीत, म्हणून सगळीच मशीनं मिंटवर न्यायचा माझा बेत पहिल्याच दिवशी बारगळला. वीस वर्षांची गिऱ्हाइकं अजून ‘मागची फाइल काढा, फक्त तारीख बदला’ म्हणत येतात, आणि ती फाइल २००४ ची असते.

एकूण हिशेब: दोन मशीनांचे २५,६००, होमचे ९,७००. पस्तीस हजार तीनशे. आणि ४४९ अक्कलखाती.

फॉर्म भरून पाठवला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या अकाउंट्समधून फोन. ‘‘मॅडम, चौथ्या मशीनचं बिल नाहीये.’’ म्हटलं, ते लिनक्स आहे, फुकट असतं. ‘‘हो, पण बिल?’’ फुकटचं बिल कसं असेल? ‘‘आमच्या सिस्टिममध्ये रकाना रिकामा सोडता येत नाही.’’ ज्या ४४९वाल्या पीडीएफवर कुठलाच नंबर नव्हता ते जोडलं असतं तर बहुधा गुपचूप पास झालं असतं. शेवटी लेटरहेडवर पत्र दिलं की सदर सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतं, किंमत रुपये शून्य फक्त. ‘शून्य फक्त’ वाचून त्यांचं समाधान झालं. काम नोव्हेंबरपासून सुरू आहे.

डिसेंबरात लॅमिंग्टन रोडवाल्याचा फोन आला. वाटलं, नवीन लॉट आला असेल.

‘‘ताई, ते तुम्ही टाइप करत होता ना, ते काय होतं? जरा व्हॉट्सॲप करता का?’’

चहा पाजलेल्या माणसाला नाही म्हणवेना. लग्नपत्रिकेचा फोटो काढून पाठवला. परवा ओळखीच्या एका प्रेसवाल्याला मी त्याच दुकानात पाठवलं. तो सांगत होता, तिथे आता दोन चळती आहेत, आणि एका चळतीवर ‘ओरिजिनल की’ अशी चिठ्ठी लावून दीड हजार जास्त घेतात.